पंगतीबाहेरचा शेजारी

पुएर्तो मोंत, रात्रीचे दोन दहा.
बंदरावरचे दिवे धुक्यात विरघळलेले,
मशीनरूममध्ये पंख्यांची एकसुरी घरघर,
आणि माझ्यापुढे एकसष्ट शेजारी,
प्रत्येकाच्या नावाखाली त्याच त्या अकरा ओळी.

साल्मन पाळणाऱ्या कंपन्या, दोन बँका, विद्यापीठ,
नौदलाचं ते अबोल ठाणं,
कोयाइकेचा केबलवाला, ज्याचं बिल कधीच वेळेवर येत नाही.
सगळ्यांना सांगायचं तेच,
आणि राउटर बिचारा प्रत्येकासाठी
वेगळी चूल पेटवून तेच कालवण रांधतोय.

म्हणून गट करायचा. एक पंगत.
एकदा रांधायचं, सगळ्यांच्या पानात वाढायचं.
अट एवढीच, मॅन्युअलमध्ये कोरड्या अक्षरांत:
येणारं प्रत्येकाकडून वेगवेगळं घेता येईल,
जाणारं मात्र सगळ्यांना सारखंच.
माझ्या आईचा कारभार असाच होता.
सहा पोरांची गाऱ्हाणी सहा तऱ्हांनी ऐकायची,
उत्तर एकच.

साठ जण मुकाट पानावर बसले.
एकेकाचं सत्र तुटलं, जुळलं,
पडद्यावरची वेळ शून्यापासून पुन्हा चालू लागली.

एकसष्टावा मेलिंका.
नकाशावर नखाएवढं गाव, चहूकडून पाणी,
दवाखाना, शाळा, मासेमारीचं ऑफिस,
आणि कपाटात कुणी विसरून गेल्यासारखा जुना राउटर.
त्याच्या वर्णनाच्या ओळीत एवरिस्तो बारियाने
निवृत्तीआधी कधीतरी लिहून ठेवलेलं:
‘याला सगळं सांगू नका.’

एवरिस्तोच्या अशा ओळी जागोजागी सापडतात.
‘ही तार ओढू नका, चौथा मजला गप्प होतो.’
‘मंगळवारी नको.’
मी हसले. ओळ पुसली.
त्यालाही बसवलं पंगतीत.

साडेनऊ लाख वाटा.
जगातल्या प्रत्येक दाराशी जायचा रस्ता
एका दमात त्याच्या पुढ्यात.
तो घेत गेला. नाही म्हणायची त्याला सोय नव्हती.
चार लाखांवर त्याची स्मृती भरली
आणि तो आडवा झाला.
उठला, रीतसर नमस्कार केला, पान मांडलं,
मी पुन्हा वाढलं.
मी नाही, गटाने वाढलं,
गटाला हात आखडणं ठाऊक नसतं.
पुन्हा आडवा.

दोन एकेचाळीस. सॅटेलाइट फोन.
दवाखान्यातली रात्रपाळीची नर्स, इर्मा चिगुआय,
आवाज अगदी शांत:
‘एक्स-रे पाठवत होते, अर्ध्यावर थांबलाय.
फार घाई नाही. पोराचा हात आहे.
पण पोर रडतंय.’

मी त्याला पंगतीतून उठवलं.
त्याच्या अकरा ओळी पुन्हा हाताने लिहिल्या,
बोटं दोनदा चुकली,
आणि वाढायला एकच घास ठेवला:
कुठेही जायचं असेल तर माझ्याकडे ये,
पुढचं मी बघते.

एक मिनिट. तीन.
पंख्यांची घरघर मला तेव्हा पहिल्यांदा मोठी वाटली.
मग त्याच्या नावासमोर आकडा उगवला: १.
एवढ्या मोठ्या जगातली एक वाट,
आणि त्या वाटेने, तुकड्यातुकड्याने,
एका मुलाच्या मनगटाचं हाड.

सकाळी एवरिस्तोला फोन लावला.
तो चिलोएत बटाटे काढत होता.
म्हटलं, कारण का नाही लिहिलंत?
पलीकडे वारा, एक कुत्रं,
फावडं मातीत घुसल्याचा आवाज.
‘त्या ओळीत ऐंशी अक्षरं मावतात, पोरी.
कारण लिहायला घेतलं होतं.
दवाखान्याच्या अलीकडेच जागा संपली.’

आता तिथे साठ जणांचा नीटस गट आहे,
वरिष्ठांनी शाबासकीची मेलही पाठवली.
आणि त्याखाली, वेगळ्या, लांबलचक अकरा ओळी,
ज्या पुढच्या वर्षी कुणीतरी हसून पुसायला घेईल.
वर्णनात मी लिहिलंय:
‘याला सगळं सांगू नका. मी सांगून बघितलंय.’
मोजून पाहिलं. अजून जागा उरत होती.
म्हणून पुढे जोडलं:
‘मंगळवारी तर नकोच.’